पालथे पडणारे बाळ आणि जागणारी आई

मराठी घरात बाळाच्या पहिल्या वर्षाचा हिशेब महिन्यांनी होत नाही, तो त्याच्या पराक्रमांनी होतो. मान धरली, हुंकार देऊ लागले, पालथे पडले, पुढे सरकू लागले, बसते झाले, रांगू लागले, धरून उभे राहिले असा हा चढता क्रम असतो. त्यातही पालथे पडण्याचा मान काही निराळाच. तोपर्यंत बाळ ठेवले तसे राहते. ज्या दिवशी ते पालथे पडते त्या दिवशी प्रथमच ते आपल्या मनाने आपली जागा बदलते. कित्येक घरांत त्या दिवशी काहीतरी गोडधोड होते, आजोळी वर्दी जाते आणि संध्याकाळी आजी मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढते. घर इंदूरच्या जुन्या वाड्यातले असो, बडोद्याच्या नव्या सदनिकेतले असो की बेळगावच्या कौलारू छपराखालचे. हा आनंद सर्वत्र सारखाच.

परंतु दिवसा ज्याचे कौतुक होते, तेच रात्री धास्तीचे कारण ठरते. निजवताना उताणे ठेवलेले बाळ मध्यरात्री पाहावे तो पोटावर, गाल गादीला टेकलेला, गुडघे पोटाशी घेतलेले. आई दचकते आणि त्याला अलगद उताणे करते. पंधरा मिनिटांत ते पुन्हा पालथे. पुन्हा उताणे, पुन्हा पालथे, असे पहाटेपर्यंत चालते. बाळाचे वडील मोबाइलच्या उजेडात त्याच्या पाठीची हालचाल निरखीत बसतात. सकाळी दूरध्वनीवर सासूबाई म्हणतात, "अगं, आमची सगळी मुले अशीच झोपली, काही होत नाही." शेजारीण सांगते की पालथे झोपलेले बरे, पोटातला वारा सरतो. आणि मोबाइलवर कुठेतरी वाचलेले एकच वाक्य काळजाचा ठोका चुकवून जाते: पालथे झोपल्याने तान्ही बाळे दगावतात.

माहेर आणि सासर दोन्ही शेकडो मैल दूर असलेल्या तरुण जोडप्यांनी यांतले कोणाचे ऐकावे? खरे पाहता तिन्ही बोलण्यांत सत्याचा थोडाथोडा अंश आहे, आणि तिन्ही अपुरी आहेत. पालथे निजवणे निराळे आणि पालथे पडणे निराळे, हा भेद एकदा नीट ध्यानी आला की बरीचशी चिंता दूर होते. आणि जी उरते ती कोठे खर्च करावी हेही कळते.

भीतीचा उगम

ही भीती मूळची पाश्चात्त्य देशांतील आहे आणि ती निराधार नाही. रात्री निरोगी दिसणारे, दूध पिऊन झोपलेले बाळ सकाळी आपल्या पाळण्यात मृत आढळावे, अशा घटना तिकडे फार झाल्या. इंग्लंडात त्यांना 'कॉट डेथ' म्हणजे पाळण्यातला मृत्यू असे नाव पडले. १९६९ साली अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथे भरलेल्या परिषदेत या मृत्यूची व्याख्या ठरली. शवविच्छेदनासह सर्व तपासण्या करूनही ज्याचे कारण सापडत नाही, असा अर्भकाचा अकस्मात मृत्यू तो हा. कारणच सापडत नाही म्हटल्यावर आईबापांच्या मनाची काय अवस्था होत असेल, याची कल्पनाच करावी. पुत्रशोक तर होताच, वर आपल्या हातून काय चुकले हा प्रश्न जन्मभर छळीत राही.

या मृत्यूंचा एक धागा त्या काळच्या एका सल्ल्याशी जाऊन मिळतो. डॉ. बेंजामिन स्पॉक हे अमेरिकेतील ख्यातनाम बालरोगतज्ज्ञ. १९४६ साली प्रसिद्ध झालेले त्यांचे बालसंगोपनावरील पुस्तक लक्षावधी घरांत पोहोचले. पुढे पन्नाशीच्या दशकातील सुधारित आवृत्तीत त्यांनी असे मत मांडले की बाळाला पहिल्यापासून पोटावर झोपण्याची सवय लावावी; कारण उताणे झोपलेल्या बाळाला उलटी झाली तर ती श्वासमार्गात जाऊन ते गुदमरेल. तर्क ऐकायला सयुक्तिक होता, सांगणारा अधिकारी होता आणि हेतू तर शुद्धच होता. उणीव एकच होती, ती म्हणजे हा तर्क कोणी पडताळून पाहिला नव्हता. पाहता पाहता तो अनेक देशांतील रुग्णालयांतून आणि पुस्तकांतून पसरला. नेदरलँड्समध्ये १९७० च्या दशकाच्या आरंभी हा सल्ला रूढ झाला आणि त्यापाठोपाठ तेथे पाळण्यातील मृत्यूंचे प्रमाण वाढत गेले.

डाव उलटण्यास बरीच वर्षे लागली. ऑस्ट्रेलियात अ‍ॅडलेड येथील डॉ. सुझन बील यांनी, ज्यांची बाळे अशी गेली त्यांच्या घरी स्वतः जाऊन, बाळ कसे निजवले होते, अंगावर काय होते, तोंड कोठे होते याची बारकाईने विचारपूस केली. नेदरलँड्समध्ये डॉ. डी योंगे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली पालथे निजवू नका असा जाहीर इशारा दिला. इंग्लंडात ब्रिस्टल येथे डॉ. पीटर फ्लेमिंग यांच्या पथकाने आणि न्यूझीलंडमधील संशोधकांनी याच सुमारास स्वतंत्रपणे अभ्यास केला; निष्कर्ष एकच निघाला. १९९१ च्या डिसेंबरात ब्रिटनमध्ये मोठी मोहीम निघाली. १९९२ साली अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने पालथे निजवू नये असे सांगितले आणि १९९४ पासून तेथेही देशव्यापी प्रचार सुरू झाला. परिणाम विलक्षण होता. ब्रिटनमध्ये काही वर्षांतच हे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. अमेरिकेत दशकभरात त्यांचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. नवे औषध नाही, लस नाही, यंत्र नाही. केवळ बाळ उताणे निजवले एवढेच.

या यशाला एक दुःखद किनार आहे. २००५ साली डॉ. रूथ गिल्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुने सर्व अभ्यास एकत्र करून तपासले. पालथे निजवणे घातक असावे असे दाखविणारा पुरावा १९७० पासूनच उपलब्ध होता; तो वेळीच एकत्र पाहिला गेला असता तर ब्रिटनमध्ये दहा हजारांहून अधिक, आणि युरोप, अमेरिका व ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड मिळून निदान पन्नास हजार बाळे वाचू शकली असती, असा त्यांचा अंदाज आहे. अधिकारी माणसाने सांगितले म्हणून ते खरे, असे मानण्याची किंमत कधी कधी किती मोठी असते, याचे याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

पूर्वेकडची उताणी बाळे

या इतिहासातील एक पान आपल्याला जवळचे आहे. १९८५ साली डॉ. डी. पी. डेव्हिस यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हाँगकाँगसंबंधी एक टिपण लिहिले. दाटीवाटीने राहणाऱ्या त्या शहरात पाळण्यातील मृत्यू फारच विरळ होते. तेथील चिनी माता आपल्या बाळांना चालीरीतीप्रमाणे उताणे निजवीत, याकडे त्यांनी लक्ष वेधले. १९८९ साली इंग्लंड आणि वेल्समधील नोंदींच्या आधारे आणखी एक गोष्ट पुढे आली. भारतीय उपखंडात जन्मून तेथे स्थायिक झालेल्या मातांच्या बाळांत अशा मृत्यूंचे प्रमाण स्थानिक गोऱ्या मातांच्या बाळांपेक्षा कमी होते.

म्हणजे परमुलखात राहूनही ज्या मातांनी आपली जुनी रीत सोडली नाही, त्यांचे त्यात काही बिघडले नाही. अर्थात हे श्रेय एकट्या उताणे निजवण्याला देऊन चालणार नाही. या मातांमध्ये धूम्रपान विरळ होते, आणि तान्ह्याला वेगळ्या खोलीत एकटे निजवण्याची पद्धतही त्यांच्यात नव्हती. या दोन्ही गोष्टी बाळाचे रक्षण करणाऱ्याच आहेत. आपल्या आज्या-पणज्यांनी यांतल्या कशाचीच शास्त्रीय मीमांसा केली नव्हती, परंतु बाळाला उताणे, आपल्या हाताच्या अंतरावर ठेवावे, एवढे त्या पिढ्यान्‌पिढ्या करीत आल्या. तेव्हा जी सून आज आग्रहाने बाळाला उताणे निजवते, ती परक्यांचे काही उसने आणीत नसून घरचेच पुन्हा स्वीकारीत आहे.

उताणेच का?

उताणे निजलेले बाळ उलटीने गुदमरेल, ही भीती अद्यापही अनेकांच्या मनात आहे. तिचे उत्तर शरीराच्या रचनेतच आहे. बाळ उताणे असता श्वासनलिका वरच्या बाजूस आणि अन्ननलिका तिच्या खाली असते. पोटातून वर आलेले दूध श्वासनलिकेत शिरायचे तर त्याला चढ चढून जावे लागते. बाळ पालथे असता ही रचना उलटी होते. वर आलेले दूध श्वासनलिकेच्या तोंडाशी सहज साचते. म्हणून वरचेवर दूध टाकणाऱ्या बाळालाही, डॉक्टरांनी काही विशेष कारणाने वेगळे सांगितले नसेल तर, उताणेच निजवावे.

पालथेपणाचा दुसरा धोका हवेचा आहे. नाकतोंड मऊ गादीत किंवा कापडात रुतले की बाळाने सोडलेला उच्छ्वास तेथेच कोंडतो आणि तीच दूषित हवा ते पुन्हा पुन्हा आत घेते. मोठे माणूस अशा वेळी झोपेतही चुळबुळ करून मान फिरवते. अगदी लहान बाळाची ही जाग येण्याची शक्ती अपुरी असते, आणि पालथे असताना ती आणखी मंदावते. शिवाय पालथ्या बाळाच्या अंगातील उष्णता चटकन बाहेर पडत नाही. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की अनर्थ घडू शकतो.

कुशीवर निजवणे हा पुष्कळांना मधला मार्ग वाटतो. परंतु तान्हे बाळ कुशीवर स्थिर राहत नाही. ते सहज पालथ्या अंगावर कलंडते. म्हणून आज बालरोगतज्ज्ञ कुशीवर निजवण्याचाही सल्ला देत नाहीत.

स्वतःहून पालथे पडले तर?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. आईने निजवले उताणे, बाळ झाले पालथे. आता काय करावे?

येथे वयाचा विचार महत्त्वाचा आहे. या अकस्मात मृत्यूंचा सर्वाधिक धोका दुसऱ्या ते चौथ्या महिन्यांत असतो, आणि सुमारे नव्वद टक्के मृत्यू सहा महिने पूर्ण होण्यापूर्वी घडतात. बाळ स्वतःहून पालथे पडू लागते ते बहुधा चौथ्या ते सहाव्या महिन्यांच्या दरम्यान. म्हणजे ही विद्या त्याला येते तोवर सर्वांत अवघड काळ बराचसा सरलेला असतो. शिवाय जे बाळ स्वतःच्या बळावर कूस बदलून पालथे होते, त्याची मान आणि खांदे तेवढे कणखर झालेले असतात. तोंड दबले तर मान उचलून ते बाजूला वळवू शकते. दोन महिन्यांच्या बाळाला कोणी पालथे ठेवणे आणि सहा महिन्यांच्या बाळाने स्वतः पालथे होणे, यांत हे एवढे अंतर आहे.

तरीही मधला थोडा काळ सांभाळण्याचा असतो. अनेक बाळांना पालथे होणे आधी साधते आणि पालथ्याचे पुन्हा उताणे होणे त्यानंतर काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी साधते. या काळात पालथे झालेले बाळ कधी कधी अडकून पडते आणि रडू लागते. तेव्हा सोपा नियम असा: बाळाला दोन्ही बाजूंनी वळता येत नाही तोवर, आपल्या दृष्टीस पडेल तेव्हा त्याला हलकेच उताणे करावे. मात्र त्यासाठी रात्रभर पहारा करण्याची किंवा दर तासाला गजर लावण्याची आवश्यकता नाही. उताण्याचे पालथे आणि पालथ्याचे उताणे ही दोन्ही कामे त्याला सहज जमू लागली, की निजवताना उताणे निजवावे आणि नंतर ते ज्या अंगावर झोपेल त्या अंगावर झोपू द्यावे. वर्ष पूर्ण होईपर्यंत निजवण्याची सुरुवात मात्र उताण्यानेच करावी.

अलीकडे श्वास आणि नाडी मोजणारी, बाळाच्या पायात मोज्यासारखी घालायची यंत्रे बाजारात आली आहेत. निरोगी बाळाच्या बाबतीत अशा यंत्रांनी हा मृत्यू टळतो, असे सिद्ध झालेले नाही. यंत्र आहे म्हणून बाकीच्या दक्षतेत ढिलाई होणे हाच त्यातला खरा तोटा. आईची रात्रीची जागरणे आणि यंत्राची किंमत, दोन्हींपेक्षा अधिक उपयोगी पडते ते बाळाचे अंथरूण.

चिंता अंथरुणाची करावी

बाळ रात्री कोणत्या अंगावर वळेल हे आपल्या हाती नाही, परंतु ते वळेल तेव्हा त्याच्या तोंडाशी काय येईल हे सर्वस्वी आपल्या हाती आहे. म्हणून जी दक्षता घ्यायची ती दिवसाउजेडी, अंथरुणाची घ्यावी.

गादी सपाट आणि घट्ट असावी. हाताने दाबली असता खड्डा पडून राहील अशी नसावी. नव्या कापसाची, फुगलेली, हौसेने भरून घेतलेली मऊ गादी बाळाला सुखाची वाटेल हा आपला समज आहे. बाळाला हवी असते ती न रुतणारी जागा. वर एकच चादर, चहूबाजूंनी ताणून खाली खोचलेली असावी.

उशी वर्षभर तरी नकोच. येथे मोहरीच्या उशीचा प्रश्न येतो. डोके गोल यावे म्हणून मोहरी किंवा राई भरलेली लहान उशी बाळाच्या डोक्याखाली देण्याची आपल्याकडची रीत जुनी आहे. डोके चपटे होऊ नये ही इच्छा रास्त आहे, आणि सतत उताणे निजणाऱ्या बाळाचे डोके मागून थोडे चपटे होऊही शकते. पण त्यावरचा उपाय उशी नव्हे. निजवताना आज डोके एका बाजूस तर उद्या दुसऱ्या बाजूस करावे, आणि जागेपणी बाळाला पुष्कळ वेळ पोटावर खेळू द्यावे. पालथे पडणाऱ्या बाळाच्या नाकाशी ती उशी आली तर तीच घात करू शकते.

लोड आणि तक्के यांचेही तसेच. बाजारात बाळाच्या गादीचा जो संच मिळतो, त्यात बहुधा छत्रीसारखी मिटणारी मच्छरदाणी, एक उशी आणि दोन्ही अंगांना लावायचे दोन छोटे लोड असतात. बारशाला आलेल्या भेटींत असे दोनतीन संच सहज जमतात. बाळ वळू नये म्हणून हे लोड त्याच्या कुशीला लावले जातात. परंतु बाळाला एका स्थितीत रोखून धरणाऱ्या अशाच साधनांत अडकून तेरा वर्षांत बारा बाळे गुदमरल्याचे अमेरिकेतील सरकारी यंत्रणांनी २०१० साली जाहीर केले आणि ती वापरू नयेत असे बजावले. २०२२ साली तर पाळण्याच्या आतून लावायच्या मऊ झालरी-गाद्यांच्या विक्रीवरच तेथे कायद्याने बंदी आली. तेव्हा लोड बाजूला ठेवावेत. मच्छरदाणी मात्र आपल्या हवेत हवीच. ती बाळाच्या हातापायांपासून दूर, घट्ट ताणून लावलेली असावी.

गुंडाळण्याचा प्रश्न याहून नाजूक आहे. तान्हे बाळ दुपट्यात घट्ट गुंडाळले की शांत झोपते, हे खरे. परंतु बाळ कूस बदलण्याची धडपड करू लागले, की त्या दिवसापासून गुंडाळणे बंद केले पाहिजे. पालथे झाल्यावर मान सावरण्यासाठी त्याला हात मोकळे हवेत. बांधलेल्या हातांनी ते स्वतःला सोडवू शकत नाही. काही बाळांच्या बाबतीत ही वेळ तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच येते.

पांघरुणाविषयी ग्वाल्हेर-इंदूरकडच्या वाचकांना थोडे अधिक सांगावे लागेल. पौषातल्या थंडीत बाळाला कुंची, टोपरे, लोकरीचा अंगरखा आणि वर गोधडी असे सर्व काही घालण्याचा मोह होतो. मोठ्या माणसाला जेवढे कपडे पुरतात त्याहून एखादा पदर अधिक, एवढे बाळाला पुरे. घरात झोपताना डोके उघडे ठेवावे, कारण बाळाच्या अंगची उष्णता डोक्यावाटे बरीच बाहेर पडते. सैल गोधडी तोंडावर येऊ शकते, म्हणून जाड अंगरख्यानेच काम भागवणे बरे. बाळाला उकडते आहे की काय हे हातपाय चाचपून कळत नाही. मानेमागे किंवा पोटावर हात लावून पाहावे.

पाळणा, झोळी आणि मोठी खाट

पाळण्याविषयी आपल्या सर्वांच्या मनात हळवेपणा असतो, आणि प्रांतोप्रांती त्याची रूपे निराळी आहेत. बडोद्याकडे घोडियूं, म्हणजे चौकटीला टांगलेली कापडी झोळी घरोघर दिसते. तेथून जवळच असलेल्या संखेड्याचे लाखेच्या रंगांनी मढवलेले सागवानी पाळणे तर पिढ्यान्‌पिढ्या जपले जातात. बेळगाव-धारवाडकडे तोच पाळणा 'तोट्टिलु' होतो. हे सारे बारशाचे वैभव आहे आणि ते राहावे. परंतु बाळ पालथे पडू लागले की टांगत्या पाळण्याने रात्रीपुरता निरोप घ्यावा हे उत्तम. वळणाऱ्या बाळाच्या भाराने पाळणा कलतो आणि बाळ बाहेर पडू शकते. कापडी झोळीत बाळाचे अंग वाकते, हनुवटी छातीला टेकून श्वासाची वाट अरुंद होते. आणि त्यातच ते पालथे झाले तर कापड थेट नाकाशी येते. जमिनीवर घातलेली घट्ट गादी, किंवा जवळजवळ गज असलेला बाळाचा पलंग, हे या वयाला सर्वांत भरवशाचे.

आईच्या कुशीत झोपण्याची आपली रीत आहे. बाळ आईच्याच खोलीत असावे यावर दुमत नाही. शक्य तर हाताच्या अंतरावर, पण त्याचे अंथरूण वेगळे असावे, हा आजचा सल्ला आहे. एकाच अंथरुणावर निजणे होत असेल तर आपल्या उश्या आणि पांघरुणे बाळापासून दूर ठेवावीत, आणि खाट व भिंत यांच्यामध्ये फट राहू देऊ नये. शेजारी झोपणाऱ्यांपैकी कोणी धूम्रपान करणारे असेल, मद्य किंवा झोपेचे औषध घेतलेले असेल, अथवा बाळ दिवसांआधी जन्मलेले वा फार कमी वजनाचे असेल, तर एका अंथरुणावर मुळीच झोपू नये. आणि बाळाला घेऊन सोफ्यावर डुलकी काढणे तर कटाक्षाने टाळावे. दमलेल्या बापाच्या हातून हे फार सहज घडते.

धुराविषयीही एक शब्द. गर्भारपणी आणि बाळंतपणानंतर घरात तंबाखूचा धूर असणे हा या मृत्यूंतील एक मोठा धोका आहे. सिगारेट गच्चीत ओढून आलो की झाले, असे नाही. आणि बाळंतिणीच्या खोलीत दिली जाणारी शेपाओव्याची धुरीसुद्धा बाळाच्या कोवळ्या फुप्फुसांना सोसवणारी नसते. उलट अंगावरचे दूध पाजल्याने हा धोका कमी होतो, हेही सिद्ध झाले आहे.

दिवसाचा पालथेपणा

रात्रीच्या भीतीने दिवसाही बाळाला पालथे होऊ न देणे ही मात्र उलटी चूक ठरेल. जागेपणी, कोणीतरी समोर बसलेले असताना, बाळाने पोटावर खेळलेच पाहिजे. मान, खांदे आणि पाठ यांत त्यामुळेच बळ येते, आणि ते बळच रात्री त्याच्या कामी येते. जन्मापासूनच दिवसातून दोनतीनदा चारपाच मिनिटे आणि पुढे वाढवीत न्यावे. आंघोळीपूर्वीचे तेल लावताना आजी बाळाला आपल्या पायांवर पालथे घेऊन पाठ चोळते, ती क्रिया या दृष्टीने मोलाची आहे. मात्र पोटावर खेळता खेळता ते झोपी गेले तर उचलून उताणे करावे.

सहा-सात महिने झाले तरी बाळ वळण्याची काहीच धडपड करीत नसेल, सतत एकाच बाजूला वळत असेल, फार लुळे किंवा फार ताठ वाटत असेल, तर डॉक्टरांना दाखवावे. दिवसांआधी जन्मलेल्या बाळाच्या बाबतीत मात्र महिने जन्मतारखेपासून न मोजता, बाळंतपणाची जी तारीख दिलेली होती तिच्यापासून मोजावेत.

ही सारी दक्षता घेताना प्रमाणाचे भानही राखावे. १९७१ साली भारतात जन्मणाऱ्या दर हजार बाळांपैकी १२९ बाळे वर्षाच्या आत दगावत. २०२० साली हा आकडा २८ वर आला होता. आपल्याकडे बाळे दगावतात ती प्रामुख्याने अकाली जन्म, कमी वजन, प्रसूतीतील गुंतागुंत, न्यूमोनिया आणि जंतुसंसर्ग यांमुळे. म्हणून जी आई वेळेवर लसी टोचून घेते, अंगावर पाजते आणि श्वास भरभर चालू लागताच डॉक्टरकडे धावते, तिने बाळाच्या रक्षणाचे मोठे काम आधीच केलेले असते. ताटकळत जागून काढलेल्या रात्रींनी त्यात फारशी भर पडत नाही. उलट जागरणाने थकलेली आई बाळाला घेऊन भलत्या ठिकाणी झोपी जाते, हाच नवा धोका उभा राहतो.

सर्वांचा नियम एकच असावा

एक गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही. ज्या बाळाला उताणे झोपण्याची सवय आहे, त्याला एखाद्या दिवशी कोणी दुसऱ्यानेच पालथे निजवले, तर त्याचा धोका नेहमी पालथे झोपणाऱ्या बाळाहूनही पुष्कळ अधिक असतो. हे घडते ते बहुधा मायेपोटीच. आई नोकरीवर गेलेली असते, बाळ किरकिरते आणि सांभाळणारी बाई ते झोपावे म्हणून त्याला पालथे करते. कधी सुटीत आजोळी गेलेले असता मावशी करते, कधी पाळणाघरात होते.

म्हणून बाळाला जे जे कोणी निजवणार असतील, त्या सर्वांना आईबापांनी एकदा शांतपणे सांगावे. वडीलधाऱ्यांना सांगताना पुस्तकी वाद घालू नये. "आई, तुम्ही मुलांना उताणेच निजवत होता ना, तेच डॉक्टर आता सांगतात," असे म्हटले तर सासूबाईंचा मानही राहतो आणि बाळाचे हितही साधते. घरातील आजीबाईंनाही एक विनंती आहे. सुनेने मोहरीची उशी बाजूला ठेवली तर तो आपल्या अनुभवाचा अवमान समजू नये. बाळाजवळ तुमचे असणे ही त्याला मिळालेली सर्वांत मोठी राखण आहे.

आज रात्री बाळाला निजवण्यापूर्वी घरातील दोघांनी मिळून त्याच्या अंथरुणाकडे एकवार नजर टाकावी. उशी, लोड, सैल पांघरूण, कापडी खेळणी जे जे काही असेल ते उचलून कपाटात ठेवावे. बाळाला उताणे निजवावे, दिवा मालवावा आणि आईनेही झोपून जावे.